भगंदराला दोरा की लेसर? आधी वाट कुठून जाते ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय ना ते तुम्हालाही दिसेल. वय ३४, दिवसातले चार-पाच तास मोटारसायकलवर. पाच महिन्यांपूर्वी शौचाच्या जागेच्या डाव्या बाजूला गळू झालं, ताप आला, बसता येईना. सर्जननी भूल देऊन चिरा दिला, पू काढला, पंधरा दिवसांत बरं वाटलं. आता दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी फुगतं, ठणकतं, आपोआप फुटतं, चड्डीला डाग पडतो आणि पुन्हा सगळं शांत. एक डॉक्टर लेसर म्हणतात, एक वैद्य क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा म्हणतात, तिसरे म्हणतात आधी एमआरआय करा. पहिल्या डॉक्टरांनी काम अर्धवट सोडलं का, ही तुमची शंका. आणि दीड महिन्यावर बहिणीचं लग्न आहे, तोवर थांबलं तर चालेल का?

मी जनरल सर्जन आहे, तालुक्याच्या गावी बावीस वर्षं झाली. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे ‘हेच ऑपरेशन करा’ असं मी सांगणार नाही. कोणी न तपासता सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं ठरावीक आहे की हा भगंदर असण्याची शक्यता फार मोठी आहे, एवढं नक्की म्हणता येईल.

आधी पहिल्या डॉक्टरांची सुटका करतो. त्यांनी बहुधा बरोबरच केलं. गळू आणि भगंदर हे दोन वेगळे आजार नाहीत, एकाच आजाराची आधीची आणि नंतरची अवस्था आहे. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक दातेरी रेघ असते. त्या रेघेवर छोटे खळगे असतात आणि त्यांत बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. सहा ते दहा ग्रंथी, प्रत्येकाच्या थोड्या कमी-जास्त. त्यातली एखादी तुंबली की आत जंतू वाढतात, पू होतो आणि तो जिथून सुटायला वाव मिळेल तिथे सरकतो. बहुतेकांत खाली कातडीकडे येतो, आपण म्हणतो बेंड झालं. कातडीवर चिरा दिला की पू निघून जातो, पण आतलं तोंड उघडंच राहिलं तर पाटाचं दार उघडं ठेवून वाफा कोरडा करायला बसल्यासारखं होतं. आतून रोज थोडी घाण झिरपते, वाट बुजत नाही. तीच वाट म्हणजे भगंदर. गळू व्यवस्थित काढल्यावरही साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या लोकांत पुढे भगंदर होतो. हे पहिल्याच दिवशी पेशंटला सांगायला हवं. आमच्यातले बरेच जण सांगत नाहीत आणि मग पेशंटला वाटतं, डॉक्टरनी बिघडवलं.

सुश्रुताने हे त्याच्या संहितेच्या निदानस्थान या भागात फार नेमकं मांडलंय: पिकण्याआधी ती पिडका, म्हणजे पुळी, पिकून फुटली की भगंदर. प्रकारांची नावंही बघा. चाळणीसारखी अनेक भोकं पडलेला शतपोनक, शंखाच्या वेढ्यांसारखा फिरणारा शंबूकावर्त. गुदद्वाराला मागून वेढा घालून दोन्ही बाजूंना गेलेली वाट एमआरआयच्या पडद्यावर दिसली की मला हटकून ते शंखाचं नाव आठवतं.

मग पहिल्या वेळीच आतलं तोंड शोधून सगळं का उरकत नाहीत? कधीकधी उरकतातही. पण ताज्या गळवात सगळं सुजलेलं असतं, मांस लोण्यासारखं मऊ झालेलं असतं, आणि सळई घातली की ती जाईल तिथे वाट होते. सर्जरी शिकून बाहेर पडलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी हे स्वतः केलं आहे. ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण होता. गळू फोडलं, पू आला, आणि ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून सळई घालून आतलं तोंड शोधायला गेलो. सापडलं असं वाटलं. प्रत्यक्षात मी नवीन भोक पाडलं होतं, मूळ जागेपेक्षा बरंच वर. साधा, खालचा भगंदर झाला असता तो मी अवघड करून ठेवला. त्याला पुढे दोन ऑपरेशनं लागली, दुसरं मोठ्या शहरात. त्याने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून माझा नियम: गळवाच्या वेळी फक्त पू. आतलं तोंड समोर उघडं दिसत असेल तर त्यातून एक सैल दोरा ओवून ठेवावा, बाकी शोधाशोध नको.

गळवाबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण हे वाचणाऱ्यांत कोणाला तरी आज रात्री ठणका लागलेला असेल. एक, पू झाला की तो बाहेर काढावाच लागतो. गोळ्यांनी ताप उतरतो, ठणका दोन दिवस कमी होतो, आणि पू आतल्या आत पसरत राहतो. बेंड ‘पिकू दे’ म्हणून पोटीस बांधून थांबणं ही मांडीवरच्या करटाची पद्धत. इथे ती चालत नाही. अँटिबायोटिकची जागा ठरलेली आहे: आजूबाजूची कातडी लाल होऊन पसरत असेल, मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, हृदयात कृत्रिम झडप असेल, आणि तेव्हाही चिऱ्याच्या जोडीला. दुसरं, बाहेर काही दिसत नाही म्हणून पू नाही असं नाही. दोन स्नायूंच्या मधे साचलेला पू बाहेरून अजिबात दिसत नाही. माणूस कळवळत येतो, डॉक्टर बघतात, काही नाही, ‘फिशर असेल’, म्हणजे गुदद्वाराला चीर पडली असेल, म्हणून मलम देतात. फिशरचं दुखणं शौचाच्या वेळी आणि नंतर काही तास असतं. पुवाचा ठणका चोवीस तास, नाडीबरोबर उडणारा, झोपू न देणारा असतो. बोट लावू देत नाही इतकं दुखत असेल तर भूल देऊन तपासायचं, तपासणी टाळायची नाही.

मधुमेह्यांनी तर एक रात्रसुद्धा घालवू नये. कातडी काळसर पडली, दाबल्यावर कुरकुर लागली, घाण वास आला, किंवा बाहेर थोडंच दिसतंय पण माणूस भलताच खालावलाय, तर तो संसर्ग तासातासाने मांस खात पुढे जातो. अशा वेळी जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच. साखरेची तपासणी मी गळवाच्या प्रत्येक पेशंटची करतो. आपल्याला मधुमेह आहे हे गळवामुळेच पहिल्यांदा कळलेले माझ्याकडे कितीतरी आहेत. तुमची झाली नसेल तर करून घ्या.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुम्ही विचारताय दोरा की लेसर. मला विचाराल तर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: वाट आत कुठे उघडते, आणि बाहेरचं तोंड ते आतलं तोंड यांच्यामध्ये किती स्नायू येतो? याचं उत्तर मिळालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

गुदद्वाराला अंगठ्यांसारखे दोन स्नायू वेढून असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण मुद्दाम आवळतो. बसमध्ये बसलेले असताना पोटात कळ आली तरी घर येईपर्यंत दम धरता येतो तो या दोघांमुळे. भगंदराची वाट यांना किती ओलांडते त्यावरून चार प्रकार पडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स यांनी १९७६ मध्ये केलेली ही विभागणी आजही आम्ही रोज वापरतो. दोन स्नायूंच्या मधूनच खाली उतरणारी, बाहेरचा स्नायू भेदून जाणारी, त्याच्या वरून वळसा घेणारी, आणि स्नायूंच्या सगळ्या वेढ्याबाहेरूनच जाणारी. पहिल्या दोन प्रकारांतच बहुसंख्य पेशंट बसतात. शेवटचा विरळा.

हे शोधायची सुरुवात बोटाने होते, मशीनने नाही. बाहेरच्या तोंडापासून गुदद्वाराकडे कातडीखाली बोट फिरवलं की वाट वरवर असेल तर सुतळीसारखी कडक लागते. सुतळी लागली तर मला निम्मा दिलासा मिळतो, म्हणजे वाट खालून आहे. काहीच लागलं नाही तर ती खोल असावी. आत बोट घातल्यावर आतलं तोंड कधी बारीक टणक दाण्यासारखं लागतं. मग गुडसॉलचा नियम आहे, जुना, साल १९०० चा. गुदद्वारातून आडवी रेघ कल्पायची; तोंड तिच्या पुढे असेल तर वाट सरळ आत जाते, मागे असेल तर वळून मागच्या मध्यावर उघडते. मागच्या तोंडांना नियम बरा लागू पडतो. पुढच्यांना, विशेषतः बायकांमध्ये, बऱ्याचदा हुलकावणी देतो. पुढचं तोंड गुदद्वारापासून तीन सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर तीही वाट वळून मागेच जाऊ शकते. तुम्ही ‘डावीकडे’ एवढंच लिहिलंय. पुढे की मागे, आणि कडेपासून किती बोटं, हे आरशात बघून टिपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना उपयोग होईल.

एमआरआय सगळ्यांना लागतो का? माझ्या मते नाही. पहिल्यांदाच झालेला, सुतळी हाताला लागणारा, एका तोंडाचा भगंदर असेल तर मी पेशंटचे काही हजार वाचवतो. पण तोंड लांब असेल, सुतळी लागत नसेल, एकाहून जास्त तोंडं असतील, आधी ऑपरेशन होऊन पुन्हा उलटलं असेल, बाई असेल आणि तोंड पुढच्या बाजूला असेल, तर एमआरआयशिवाय मी चाकू उचलत नाही. तुमच्या बाबतीत मीही बहुधा एमआरआयच सांगेन. दर दोन-तीन आठवड्यांनी फुगणं म्हणजे आत कुठेतरी पुवाची छोटी पिशवी शिल्लक असू शकते, आणि ती सुटली तर कुठलंही ऑपरेशन फसतं. मात्र तो भगंदराच्या पद्धतीने केलेला एमआरआय हवा आणि रिपोर्टमध्ये गुदद्वाराला घड्याळ मानून आतलं तोंड कितीवर, स्नायू किती ओलांडलाय, फांद्या आहेत का, पू साचलाय का, हे चारही असायला हवं. ‘डावीकडे भगंदर दिसतो’ एवढाच रिपोर्ट असेल तर ते आम्हाला तुम्हाला न पाहताही माहीत होतं.

वाट कळली की उपाय. वाट खालून असेल, अगदी थोडाच स्नायू येत असेल, तर ती चिरून उघडी करून टाकणं हे सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत भरवशाचं ऑपरेशन. नव्वद टक्क्यांहून जास्त जण यात कायमचे बरे होतात. दिसायला साधं आहे, जाहिरात करण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून त्याची पाटी तुम्हाला कुठे दिसणार नाही. बरेचदा साध्या भगंदराला महागडं लेसर लावलं जातं आणि तो वर्षाने परत येतो, याचा मला राग येतो.

स्नायू जास्त येत असेल तर उघडं करता येत नाही. स्नायू कापला तर भगंदर जाईल पण वायू आवरता येणार नाही, पुढे पातळ शौचही. इथे सौदा सुरू होतो. सोळा आणे बरं होणं आणि सोळा आणे ताबा राहणं, दोन्हीची हमी एकत्र देणारं ऑपरेशन अजून कोणाकडे नाही. लिफ्ट नावाची पद्धत आहे, बँकॉकच्या रोजानासाकुल यांनी २००७ मध्ये मांडलेली: दोन स्नायूंच्या फटीत शिरून तिथेच वाट बांधायची आणि तोडायची. स्नायू कापला जात नाही. शंभरातले साधारण साठ-सत्तर बरे होतात. लेसरमध्ये वाट आतून भाजून आकसवतात, त्याचेही आकडे साधारण याच पट्ट्यातले. फसली तरी या पद्धतींनी सहसा नुकसान होत नाही, पुढचे मार्ग खुले राहतात, हा त्यांचा मोठा गुण. म्हणजे लेसर वाईट नाही. ‘लेसर म्हणजे एका दिवसात कायमचं’ हे सांगणं चुकीचं.

आणि क्षारसूत्र. मी अ‍ॅलोपॅथीवाला, तरी याला कमी लेखत नाही. थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थरावर थर देऊन वाळवलेला दोरा वाटेतून ओवतात, आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून भरत येतं, साधारण आठवड्याला एक सेंटिमीटर. बनारस हिंदू विद्यापीठात गेल्या शतकाच्या साठच्या दशकात याचं पुनरुज्जीवन झालं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली: क्षारसूत्रात पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११; मात्र बरं व्हायला क्षारसूत्रात आठ आठवडे, शस्त्रक्रियेत चार. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. पण लक्षात घ्या, दोरासुद्धा शेवटी स्नायू कापतोच, फक्त हळू. त्यामुळे ‘दोऱ्याने ताबा कधीच जात नाही’ हेही खरं नाही. आणि दोरा ओवणाऱ्याने आतलं खरं तोंड शोधायलाच हवं. चुकीच्या वाटेने ओवलेला दोरा आणि माझी ती सळई यांत काही फरक नाही. पदवीधर, शल्यतंत्र शिकलेले वैद्य असतील तर माझी हरकत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘बिना ऑपरेशन’ असं चिकटवलेलं असतं त्यांच्याकडे मात्र जाऊ नका. तिथे काहीतरी इंजेक्शन टोचून घेतलेले, मांस सडलेले पेशंट मी निस्तरलेत.

कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जननी तुम्हाला विचारायला हवं, आणि नाही विचारलं तर तुम्ही सांगा: वायू सरणार हे कळतं का, आवरता येतो का, धावत संडास गाठावा लागतो का. बायकांना बाळंतपणं कशी झाली, टाके पडले होते का, हेही. स्नायूची शिल्लक किती हे त्यावरून कळतं. पुढच्या बाजूला बायकांचा स्नायू मुळात आखूड असतो, तिथला भगंदर मी उघडा करत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात, डॉक्टरही. काढलेला तुकडा तपासणीला पाठवा. आपल्याकडे क्षय अजून भरपूर आहे आणि तो इथेही होतो. एक मुलगी आली होती माझ्याकडे, चोविशीची, दोन ठिकाणी मिळून तीन ऑपरेशनं झालेली. फाइल जाडजूड, पण त्यात तुकड्याचा एकही रिपोर्ट नाही. पाठवला, क्षय निघाला. सहा महिने सरकारी दवाखान्यातली फुकट औषधं, आणि जखम चाकूशिवाय भरली. तुम्हाला वजन घटणं, संध्याकाळचा ताप, घरात कोणाला टीबी, असं काही असेल तर आधीच सांगा. पोट वारंवार बिघडत असेल, शौचातून रक्त-आव जात असेल, तोंडं अनेक असतील तर क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजाराचा विचार करावा लागतो. तिथे आतड्याची तपासणी आणि औषधं आधी, मोठी कापाकापी नाही. आणि तोंड जर दोन कुल्ल्यांच्या फटीत वर, माकडहाडाजवळ असेल, त्यातून केस निघत असतील, तर तो भगंदरच नाही, तो पायलोनिडल सायनस. त्याचा उपचार वेगळा. मोटारसायकलवाल्यांत, ड्रायव्हरांत तो बराच दिसतो.

नंतरची काळजी लांबड न लावता सांगतो. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसायचं, पाण्यात डेटॉल-सॅव्हलॉन काही टाकायचं नाही. इसबगोल, भरपूर पाणी. डागांसाठी सॅनिटरी पॅड सगळ्यांत सोयीचं. पुरुषांना मेडिकलमध्ये मागायला संकोच वाटतो, मी चिठ्ठीवरच लिहून देतो. जखम तळापासून भरत वर यायला हवी. वरची कातडी आधी मिटली आणि आत पोकळी राहिली तर पुन्हा श्रीगणेशा. म्हणून आठवड्याला दाखवायला जाणं चुकवायचं नाही, बरं वाटत असलं तरी.

आता लग्न. भगंदर ही घाईची गोष्ट नाही, पू साचणं ही आहे. आता सगळं शांत असेल तर या आठवड्यात तपासणी आणि एमआरआय करून घ्या. पुवाची पिशवी नसेल तर लग्नानंतर निवांत ऑपरेशन केलं तरी काही बिघडत नाही. पिशवी असेल किंवा पुन्हा फुगायला लागलं, तर छोट्या भुलेखाली पू काढून वाटेतून एक सैल दोरा ओवून ठेवायला सांगा. तो कापायला नसतो, वाट उघडी ठेवायला असतो, त्यामुळे आत पू तुंबत नाही. थोडं ओलं राहील, पॅड लागेल, पण ठणका सहसा लागणार नाही आणि चार-पाच दिवसांत कामाला लागाल. सैल दोरा महिनोन्‌महिने ठेवता येतो. पंगतीत मांडी घालून बसायला अवघड जाईल, वाढायला उभे राहा. मधेच ताप आला किंवा रात्री झोप मोडेल असा ठणका लागला, तर मात्र हळदीच्या दिवशीसुद्धा दवाखाना गाठायचा.

एमआरआय झाला की रिपोर्टमधली ती चार उत्तरं लिहून कळवा: कितीवर, स्नायू किती, फांद्या, पू. मग दोरा की लेसर यावर बोलता येईल.